ख्रिस्तचरित्राची साधने व त्यांची विश्वसनीयता

ख्रिस्ती धर्माचा संस्थापक येशू ख्रिस्त (इ. स. पू. सु. ६–४ ते इ. स. सु. ३०) याने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. त्याच्या हयातीत त्याच्याविषयी कोणी काही लिहिले असल्यास तेही आज उपलब्ध नाही. त्याचे चरित्र व उपदेश यांविषयी जे ज्ञात आहे ते जवळजवळ सर्व, त्याच्या मृत्यूनंतर वीस ते सत्तर वर्षांच्या काळात त्याच्या अनुयायांनी ग्रीक भाषेत लिहिलेल्या ग्रंथांवरून ज्ञात आहे. येशूची बोलण्याची भाषा अरॅमाइक होती; त्यामुळे त्याची वचने आपणापर्यंत पोहोचतात ती भाषांतरित स्वरूपातच. शिवाय हे ग्रंथ श्रद्धेच्या प्रसारासाठी व दृढीकरणासाठी लिहिले गेले आणि लूक व योहान यांच्या शुभवर्तमानांत हा हेतू स्पष्टपणे नमूदही केलेला आहे. इतिहासाची साधने म्हणून या ग्रंथांवर कितपत विसंबावे, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो. गेल्या सुमारे अडीचशे वर्षांत त्याचा जो ऊहापोह झाला, त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे : ‘सर्व खरे’ किंवा ‘सर्व कल्पित’ असे सरसकट उत्तर येथे लागू पडत नाही. भक्कम आधार असलेली घटना, परंपरेत घडत गेलेली कथा आणि ग्रंथकाराने घातलेली भर ही एकाच ग्रंथात, पुष्कळदा एकाच प्रसंगात, शेजारीशेजारी आढळतात. तेव्हा संबंध ग्रंथाविषयी निवाडा न देता प्रत्येक कथनाची विश्वसनीयता स्वतंत्रपणे तपासणे भाग पडते.

पौलाची पत्रे : उपलब्ध ख्रिस्ती लिखाणांत सर्वांत जुनी आहेत ती शुभवर्तमाने नव्हेत, तर पौलाची पत्रे होत. त्याच्या नावावर असलेल्या तेरा पत्रांपैकी रोमकर, करिंथकर (दोन), गलतीकर, फिलिप्पैकर व थेस्सलनीकाकर (पहिले) यांस लिहिलेली पत्रे आणि फिलेमोनास लिहिलेले पत्र अशी सात पत्रे निर्विवादपणे त्याची मानली जातात. ती इ. स. सु. ५० ते ६० या दशकातील आहेत. पौलाने येशूला त्याच्या हयातीत पाहिले नव्हते. त्याचे लक्षही येशूच्या चरित्रापेक्षा त्याचे मरण व पुनरुत्थान यांवर केंद्रित झालेले आहे. तरीही प्रसंगोपात्त त्याने दिलेली माहिती मोलाची आहे. येशू स्त्रीपोटी जन्मला, तो दाविदाच्या वंशातील होता, त्याला भाऊ होते, घटस्फोटाविरुद्ध त्याने आज्ञा दिली होती, पकडला जाण्याच्या रात्री त्याने शिष्यांबरोबर भोजन केले व त्याला क्रूसावर देण्यात आले, एवढे या पत्रांवरून कळते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की धर्मांतरानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. हा उल्लेख ओघात आलेला असून तो वादाच्या भरात, प्रतिपक्षास खोडून काढता येईल अशा पद्धतीने केलेला आहे. येशूच्या सख्ख्या सहवासातील माणसांशी प्रत्यक्ष परिचय असलेल्या लेखकाची ही साक्ष असल्याने तिचे महत्त्व विशेष आहे.

शुभवर्तमानांचे कर्ते व काळ : नव्या करारातील चार शुभवर्तमाने मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावांनी प्रसिद्ध आहेत, परंतु मूळ मजकुरात कर्त्याने आपले नाव कोठेही दिलेले नाही. चारही नावे एकत्र व निश्चितपणे सांगणारा पहिला लेखक म्हणजे इ. स. सु. १८० मधील आयरिनीअस हा होय. त्यापूर्वी दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात पेपिअस याने, मार्क हा पेत्राचा दुभाषी होता व त्याने पेत्राच्या आठवणी अचूकपणे पण अनुक्रम न पाळता लिहिल्या, अशी परंपरा नोंदविली होती. मत्तयाने येशूची वचने हिब्रू भाषेत संकलित केली, असेही तो म्हणतो. त्याचा ग्रंथ नष्ट झाला असून ही अवतरणे चौथ्या शतकातील यूसीबिअस याच्या चर्चच्या इतिहासात टिकून राहिली आहेत. मार्कविषयीची परंपरा काही अभ्यासक ग्राह्य मानतात. मत्तयाविषयीची मात्र सध्याच्या ग्रंथास लागू पडत नाही. कारण तो मुळात ग्रीकमध्येच रचलेला असून मार्कच्या ग्रंथाचा त्यात सर्रास उपयोग केलेला आहे. प्रत्यक्षदर्शी असलेल्या शिष्याने प्रत्यक्षदर्शी नसलेल्या लेखकाच्या शब्दांचा असा आश्रय घ्यावा, हे संभवनीय वाटत नाही. लूक तर आपण प्रत्यक्षदर्शींकडून चालत आलेल्या वृत्तांताचे संकलन करीत आहोत, असे प्रास्ताविकातच सांगतो.

मार्कचा काळ सामान्यतः इ. स. सु. ६५ ते ७५, मत्तय व लूक यांचा सु. ८० ते ९० आणि योहानाचा सु. ९० ते १०० असा मानतात. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम व तेथील मंदिर उद्‌ध्वस्त केले. त्या घटनेची छाया मार्कच्या तेराव्या अध्यायावर पडली आहे काय, यावर त्या ग्रंथाचा काळ थोडा अलीकडे वा पलीकडे नेण्यात येतो. काही अभ्यासक हे सर्वच काळ याहून आधीचे व काही नंतरचे मानतात. परंतु घटना व लेखन यांत निदान एका पिढीचे अंतर आहे, हे बहुतेकांना मान्य आहे.

परस्परसंबंध : पहिल्या तीन शुभवर्तमानांत प्रसंगांची निवड, त्यांचा क्रम व पुष्कळदा शब्दरचनाही इतकी जुळते, की ती समोरासमोर स्तंभांत मांडून वाचता येतात. म्हणून त्यांस समदर्शी शुभवर्तमाने म्हणतात. मार्कच्या सुमारे ६६० वचनांपैकी ६०० हून अधिक वचनांचा आशय मत्तयात व सुमारे निम्म्या वचनांचा लूकमध्ये आढळतो. यावरून मार्क हे आद्य शुभवर्तमान असून इतर दोघांनी त्याचा आधार घेतला, हा सिद्धांत एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी मांडला व आज तो बहुमान्य आहे. मत्तय व लूक यांत समान असलेली, पण मार्कमध्ये नसलेली सुमारे सव्वादोनशे वचने एका हरवलेल्या वचनसंग्रहातून आली असावीत, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. लूकने मत्तयाचा ग्रंथच पाहिला होता, असा पर्यायी पक्षही आहे.

या निष्कर्षाचा विश्वसनीयतेशी निकटचा संबंध आहे. एखादी घटना तीन शुभवर्तमानांत आली म्हणजे तिला तीन साक्षीदार लाभले, असे म्हणता येत नाही. दोघांनी एकाचीच जबानी उतरून घेतली असेल, तर साक्ष एकच ठरते. उलटपक्षी, दोघांनी मार्कच्या मजकुरात कोठे व कसे फेरफार केले हे आपणास पाहता येते आणि परंपरा कोणत्या दिशेने वाहत होती, हे त्यावरून कळते. आपल्या गावी येशूला महत्कृत्य करता आले नाही, असे मार्क म्हणतो. मत्तय त्याने तेथे फारशी महत्कृत्ये केली नाहीत, असा बदल करतो. येशूच्या घरच्यांना त्याला वेड लागले असे वाटले, हा मार्कमधील उल्लेख इतर दोघे गाळतात. गुरूविषयीचा आदर जसजसा वाढत गेला, तसतशी अडचणीची वाक्ये सौम्य होत गेली.

योहानाचे शुभवर्तमान या तिहींहून सर्वस्वी निराळे आहे. त्यात दाखल्यांऐवजी दीर्घ प्रवचने आहेत. भूतबाधा काढण्याचा एकही प्रसंग नाही. मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलून देण्याची घटना अखेरीस न येता आरंभीच येते. त्यातील येशूच्या मुखी घातलेली भाषा ग्रंथकाराच्या स्वतःच्या भाषेपासून वेगळी काढता येत नाही. म्हणून येशूच्या शब्दांसाठी ते समदर्शी शुभवर्तमानांच्या तुलनेने दुय्यम मानले जाते. तथापि भौगोलिक तपशील व घटनाक्रम यांबाबत ते दुर्लक्षणीय नाही. यरुशलेम येथील पाच पडव्यांच्या तळ्याचे त्यातील वर्णन पूर्वी रूपकात्मक समजले जात असे. उत्खननात त्या वर्णनाशी जुळणारे जोडतळे उघडकीस आले. येशूचे कार्य तीन वल्हांडण सणांच्या काळात पसरले होते, हे योहानाचे कथनही समदर्शी शुभवर्तमानांवरून होणाऱ्या एका वर्षाच्या समजापेक्षा अधिक संभाव्य वाटते.

मौखिक परंपरा : घटना व लेखन यांमधील तीस-चाळीस वर्षे या कथा तोंडोतोंडी चालत आल्या. मार्टीन डिबेलिउस (१९१९) व रूडोल्फ बुल्टमान (१९२१) यांनी रूपचिकित्सेच्या पद्धतीने असे दाखविले, की शुभवर्तमानांतील मजकूर सुटे प्रसंग, वचने, दाखले व चमत्कारकथा अशा लहान घटकांचा बनलेला असून उपासना, उपदेश व वादविवाद यांच्या गरजेनुसार ते घटक जपले व घडविले गेले. त्यांना जोडणारा कालानुक्रम बव्हंशी ग्रंथकारांचा आहे. बुल्टमानच्या निष्कर्षांतील संशयाचा भाग पुढे पुष्कळ सौम्य झाला. मौखिक संस्कृतीत आशयाचा गाभा स्थिर राहून तपशील बदलतो, हे विविध समाजांच्या अभ्यासावरून दिसून आले. तर रिचर्ड बॉकम याने २००६ मध्ये प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीचा वाटा पूर्वी मानला त्याहून बराच मोठा असल्याचा पक्ष मांडला. त्यावर अद्याप एकमत नाही. मराठी वाचकास या प्रक्रियेची कल्पना लीळाचरित्रावरून येऊ शकेल. म्हाइंभटाने चक्रधरांच्या शिष्यांकडून आठवणी गोळा केल्या आणि पुढे त्या ग्रंथाचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. फरक इतकाच, की म्हाइंभटाच्या शोधाची हकीकत सांप्रदायिक परंपरेने जपली; शुभवर्तमानांच्या कर्त्यांनी आपल्या साक्षीदारांची नावे सांगितली नाहीत.

पाठाची शुद्धता : नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते (अंशतः व पूर्ण) उपलब्ध आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाचा मँचेस्टर येथे असलेला पपायरसाचा तुकडा दुसऱ्या शतकातील समजतात. जवळजवळ संपूर्ण ग्रंथ देणारी जुनी हस्तलिखिते चौथ्या शतकातील आहेत. त्यांच्या तौलनिक अभ्यासाने बहुतेक ठिकाणी जुना पाठ निश्चित करता येतो. मार्कच्या शेवटची बारा वचने आणि योहानातील व्यभिचारिणीची कथा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे याच पद्धतीने उघड झाले. मात्र पाठाची शुद्धता व कथनाची सत्यता या दोन भिन्न गोष्टी होत. हस्तलिखितांची विपुलता ग्रंथकाराने काय लिहिले हे सांगते. त्याने लिहिले ते घडले काय, हे सांगत नाही. समर्थनपर लिखाणांत या दोहोंची वारंवार गल्लत केलेली आढळते.

नव्या कराराबाहेरील साधने : ज्यू इतिहासकार जोसीफस याच्या सु. ९३ मधील ग्रंथात येशूचा दोनदा उल्लेख येतो. त्यांपैकी अठराव्या खंडातील परिच्छेदात ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे, यात शंका नाही. तथापि मूळ लहानसा उल्लेख जोसीफसचाच असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. विसाव्या खंडात, ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ याकोब याच्या वधाचा (इ. स. ६२) ओझरता निर्देश आहे व तो सामान्यतः अस्सल मानतात. रोमन इतिहासकार टॅसिटस (सु. ११६) याने, टायबीरिअसच्या कारकीर्दीत पाँटिअस पिलाताने ख्रिस्ताला देहान्त शिक्षा दिली, असे नमूद केले आहे, परंतु ही माहिती त्याला ख्रिस्ती लोकांकडूनच मिळाली नसेल, असे खात्रीने म्हणता येत नाही. धाकट्या प्लिनीचे पत्र (सु. ११२) ख्रिस्ती उपासनेविषयी सांगते, येशूविषयी नव्हे. १९६१ मध्ये कैसरिया येथे पिलाताच्या नावाचा शिलालेख सापडला. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ टाचेत खिळा रुतलेले, क्रूसावर दिलेल्या एका माणसाचे अवशेष मिळाले. अशा शोधांनी शुभवर्तमानांची पार्श्वभूमी खरी ठरते. त्यांतील प्रसंग त्यामुळे आपोआप सिद्ध होत नाहीत.

नव्या करारात समाविष्ट न झालेली शुभवर्तमाने बहुतेक दुसऱ्या शतकातील व त्यानंतरची आहेत. १९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हमादी येथे कॉप्टिक भाषेतील, ११४ वचनांचा थोमाचा संग्रह सापडला. त्यातील काही वचने जुन्या परंपरेतील असू शकतील. बाकीच्या अशा ग्रंथांवरून येशूपेक्षा त्यांच्या कर्त्यांच्या पंथांचीच अधिक माहिती मिळते.

चिकित्सेचा इतिहास : शुभवर्तमानांतील विसंगती प्राचीनांनाही ठाऊक होत्या. दुसऱ्या शतकातील केल्सस याने त्यांवर टीका केली, ऑगस्टीनने सु. ४०० मध्ये त्यांची संगती लावणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आधुनिक चिकित्सेचा प्रारंभ हेरमान झामूएल राइमारुस (१६९४–१७६८) याच्यापासून समजतात. त्याने हयातीत अप्रकाशित ठेवलेल्या लिखाणाचे अंश लेसिंगने १७७४–७८ मध्ये प्रसिद्ध केले. डेव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउस याच्या येशूचरित्राने (१८३५–३६) चमत्कारकथांचा उगम पुराणकल्पनेत दाखविला आणि त्यासाठी त्याला ट्यूबिंगेन येथील अध्यापनपद गमवावे लागले. एर्नेस्त रनां याचे भावरम्य चरित्र (१८६३) यूरोपभर गाजले. व्हिल्हेल्म व्ह्रेडे याने १९०१ मध्ये मार्कचा ग्रंथही निखळ इतिहास नसून त्याची मांडणी धर्मतत्त्वाने नियंत्रित झाली असल्याचे दाखविले. १९०६ मध्ये आल्बेर्ट श्वाइत्सर याने या साऱ्या चरित्रांचा परामर्श घेऊन, प्रत्येक लेखकाने येशूच्या जागी आपल्याच काळाच्या आदर्शाचे चित्र रेखाटले, असा निष्कर्ष काढला. ही टीका आजही चिकित्सकांना सावध करणारी आहे. १९५३ मध्ये एर्न्स्ट केझेमान याने ऐतिहासिक येशूच्या शोधास पुन्हा चालना दिली. गेझा व्हेर्मेश (१९७३) व ई. पी. सँडर्स (१९८५) यांनी येशूला तत्कालीन ज्यू समाजात ठेवून पाहिले. १९४७ पासून सापडलेल्या मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचाही या दृष्टीस आधार मिळाला. रोमन कॅथलिक चर्चने प्रारंभी या चिकित्सेस कडवा विरोध केला. आल्फ्रेद ल्वाझी या फ्रेंच विद्वानाला १९०८ मध्ये बहिष्कृत करण्यात आले. पुढे मात्र भूमिका बदलली आणि १९६४ मध्ये चर्चच्या बायबल-आयोगाने येशूचा काळ, प्रेषितांचा उपदेश व ग्रंथलेखन असे शुभवर्तमानांच्या घडणीचे तीन टप्पे मान्य केले.

निकष व त्यांच्या मर्यादा : कथनांच्या तपासणीसाठी अभ्यासकांनी काही निकष वापरले. स्वतंत्र साधनांत आढळणारे कथन, अनुयायांना अडचणीचे असूनही टिकलेले कथन, तत्कालीन ज्यू विचारांतून वा नंतरच्या ख्रिस्ती विचारांतून सहज उद्‌भवणार नाही असे कथन आणि अन्यथा निश्चित झालेल्या माहितीशी सुसंगत असे कथन अधिक विश्वसनीय मानले जाते. यांतील वेगळेपणाचा निकष सदोष आहे; येशू ज्यू होता व त्याचे अनुयायी त्याचेच शिष्य होते, हे तो विसरतो. अलीकडे या निकषांवर बरीच टीका झाली असून सुटी वचने निवडण्यापेक्षा स्मृतीचा एकंदर ठसा पाहावा, असे मत पुढे आले आहे. निकष यांत्रिकपणे लावता येत नाहीत, हे खरे. पण त्यांमागील तारतम्य टाकून देता येत नाही. पुढील चार उदाहरणांवरून त्याचा उपयोग कळेल.

(१) बाप्तिस्मा : योहानाकडून येशूने बाप्तिस्मा घेतला, असे मार्क सरळ सांगतो. बाप्तिस्मा पापक्षालनासाठी होता व देणारा घेणाऱ्याहून श्रेष्ठ समजला जाई. त्यामुळे ही घटना अनुयायांना अडचणीची होती. मत्तयात योहान प्रथम नकार देतो. लूक घटनेचा उल्लेख करताना देणाऱ्याचे नाव घेत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याचे वर्णनच नाही. जी गोष्ट सांगणे इतके अवघड गेले, ती कोणी रचली असेल असे वाटत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे कार्य व त्याचा वध जोसीफसनेही स्वतंत्रपणे वर्णिला आहे. ही घटना ऐतिहासिक मानण्यास म्हणून प्रत्यवाय नाही.

(२) जन्मकथा : मत्तय व लूक या दोघांनीच जन्माची हकीकत दिली आहे. बेथलेहेम, मरिया, योसेफ व हेरोदाचा काळ यांबाबत त्यांचे ऐकमत्य आहे; बाकी कथा व वंशावळी भिन्न आहेत. हेरोद इ. स. पू. ४ मध्ये मरण पावला. लूकने जिचा निर्देश केला ती क्विरिनिअसची नावनिशी इ. स. ६ मध्ये झाली. या दहा वर्षांच्या अंतराचा समाधानकारक उलगडा झालेला नाही. येशू गालीलमधील नासरेथचा होता, एवढे निश्चित. बेथलेहेममधील जन्म मशीहाविषयीच्या भविष्यवाणीवरून आला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

(३) खटला व मृत्यू : पिलाताच्या हुकमाने येशूला क्रूसावर देण्यात आले, ही त्याच्या चरित्रातील सर्वांत निश्चित घटना होय. क्रूस ही रोमन शिक्षा असून ती मुख्यतः गुलाम व बंडखोर यांना देत. ज्यूंचा राजा हा आरोपफलक चारही शुभवर्तमानांत आहे. मृत्यूच्या तारखेबाबत मात्र मतभेद आहे : समदर्शी शुभवर्तमानांनुसार अखेरचे भोजन वल्हांडणाचे होते, तर योहानानुसार येशूचा मृत्यू त्या भोजनापूर्वीच झाला. याहून महत्त्वाची आहे ती जबाबदारीची मांडणी. मार्कचा पिलात जमावापुढे नमतो. मत्तयात त्याची पत्नी स्वप्न सांगते व तो हात धुतो. लूक व योहान यांत तो येशूला तीनदा निर्दोष म्हणतो. दुसऱ्या शतकातील, पेत्राच्या नावावरील शुभवर्तमानात शिक्षेचा हुकूम हेरोद देतो. फायलो व जोसीफस यांनी रंगविलेला पिलात निष्ठुर असून शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर त्याला परत बोलावण्यात आले होते. रोमन सत्तेखाली राहणाऱ्या व ज्यू समाजापासून दुरावत चाललेल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी दोष उत्तरोत्तर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवला, असे या क्रमावरून दिसते. मंदिराच्या पुरोहितवर्गाचा अटकेत भाग होता, हे संभाव्य आहे. पण जमावाने रक्ताचा दोष आपल्या वंशजांवर ओढून घेतला, हा मत्तयाने एकट्याने दिलेला प्रसंग इतिहास म्हणून टिकत नाही. शतकानुशतके तो शब्दशः खरा मानला गेला व ज्यूंच्या छळास त्याचा आधार घेण्यात आला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, हा दोष तत्कालीन सर्व ज्यूंवर वा आजच्या ज्यूंवर लादता येत नाही, असे जाहीर केले. ग्रंथचिकित्सा हा केवळ विद्वानांचा विषय नाही, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

(४) चमत्कार व पुनरुत्थान : येशू रोग बरे करणारा व भूतबाधा काढणारा म्हणून प्रसिद्ध होता, ही परंपरा सर्व समदर्शी साधनांत आढळते, विरोधकही ती कृत्ये नाकारीत नाहीत, ती सैतानाच्या साहाय्याने होतात असे म्हणतात. पुनरुत्थानाविषयी पौलाने करिंथकरांस कळविलेली दर्शनांची यादी त्याला स्वतःला परंपरेने मिळालेली होती. ती येशूच्या मृत्यूनंतर फार थोड्या काळात तयार झाली असली पाहिजे. शिष्यांना आपण त्याला पाहिले अशी खात्री वाटत होती, एवढे इतिहासकार म्हणू शकतो. त्या खात्रीचे कारण अलौकिक होते काय, हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. येथे इतिहास थांबतो व श्रद्धेचा प्रांत सुरू होतो.

दोन अतिरेकी पक्ष : येशू ही व्यक्ती झालीच नाही, हा पक्ष ब्रूनो बाउअर व आर्टूर ड्रेव्ह्‌स यांच्यासारख्यांनी मांडला. याकोब व पेत्र यांच्याशी पौलाचा परिचय, जोसीफसचा निर्देश आणि क्रूसासारख्या लाजिरवाण्या मृत्यूची अडचण यांचा उलगडा या पक्षास करता येत नाही. त्यामुळे प्राचीन इतिहासाचे अभ्यासक तो जवळजवळ एकमताने नाकारतात. याच्या उलट, ग्रंथ ईश्वरप्रेरित असल्याने त्यात ऐतिहासिक चूक असूच शकत नाही, हा पक्ष विसंगतींची जुळवाजुळव करतो. पण तसे करताना चार ग्रंथकारांपैकी एकानेही न सांगितलेली पाचवीच कथा तो तयार करतो. दोन्ही पक्षांत एक साम्य आहे : कथनागणिक पुरावा पाहण्याचे कष्ट ते टाळतात.

अशी एकत्रित कथा सांगण्याची प्रथा जुनीच आहे. सिरियातील टेशनने इ. स. सु. १७० मध्ये चार शुभवर्तमानांचे एक सलग आख्यान केले होते व सिरियन चर्चमध्ये ते पाचव्या शतकापर्यंत वाचले जाई. मराठी वाचकाला येशूची ओळख झाली तीही अशाच एकसंध कथेतून. फादर टॉमस स्टीफन्स याचे ख्रिस्तपुराण (१६१६) आणि ना. वा. टिळकांनी आरंभलेले व लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ख्रिस्तायन यांत चारही ग्रंथकारांचे वृत्तान्त एका ओघात आले आहेत. नाताळात वसई व गोवा येथे मांडल्या जाणाऱ्या गोठ्याच्या देखाव्यात लूकचे मेंढपाळ व मत्तयाचे मागी शेजारीशेजारी उभे असतात. मागी तीन होते, असे तर मत्तयही सांगत नाही. काव्य व भक्ती यांच्या दृष्टीने यात गैर काही नाही. ऐतिहासिक प्रश्न विचारताना मात्र ही गुंफण उकलून प्रत्येक धागा वेगळा पाहावा लागतो.

मूल्यमापन : अशा तपासणीतून जे हाती लागते, ते थोडे पण दृढ आहे. येशू हेरोदाच्या कारकीर्दीच्या अखेरीस जन्मलेला, नासरेथचा ज्यू होता. त्याने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला. गालीलमधील खेड्यांत देवाच्या राज्याचा उपदेश दाखल्यांच्या रूपाने केला. रोग्यांना बरे करणारा म्हणून तो ओळखला गेला. त्याने शिष्य गोळा केले, यरुशलेमच्या मंदिरात खळबळ उडविली, शिष्यांबरोबर अखेरचे भोजन केले आणि पिलाताच्या आज्ञेने क्रूसावर प्राण सोडला. त्यानंतर तो आपणास दिसला, या विश्वासावर त्याच्या अनुयायांचा पंथ उभा राहिला. त्याच्या उपदेशाचा गाभा व त्याची खास शैली अनेक दाखल्यांतून स्पष्ट जाणवते. शब्दशः वचने मात्र थोड्याच ठिकाणी निश्चित करता येतात. प्रसंगांचा क्रम, दीर्घ संभाषणे, जन्मकथेतील तपशील व खटल्यातील उद्‌गार यांबाबत शुभवर्तमाने इतिहासापेक्षा त्यांच्या कर्त्यांच्या श्रद्धेचे अधिक विश्वसनीय साधन आहेत. ही श्रद्धा हीदेखील पहिल्या शतकातील एक ऐतिहासिक वस्तुस्थितीच होय आणि तिची साक्ष म्हणून या ग्रंथांचे मोल निर्विवाद आहे. त्यांच्याकडे चरित्राचा दस्तऐवज म्हणून पाहणाऱ्याने त्यांना नेमका कोणता प्रश्न विचारीत आहोत, हे आधी ठरविले पाहिजे. त्या प्रश्नानुसार एकाच पानावर कधी भक्कम उत्तर मिळते, कधी अंदाज करावा लागतो, तर कधी उत्तर नाही हे मान्य करावे लागते.